कानाला लावलेला स्क्रूड्रायव्हर

आमचे आप्पा दुचाकीचे मिस्त्री. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावतात आणि बिघाड ओळखतात. आज गॅरेजात पहिल्यांदाच बॅटरीची स्कूटर आली. सवयीने त्यांनी तिलाही स्क्रूड्रायव्हर लावला. बराच वेळ ऐकत राहिले.

"ही बोलतच नाही गं. घरात तूच पदवीवाली, सांग. पुढं इथेनॉल चालणार, गॅस, की ही मुकी?"

इथेनॉलला ऊस लागतो, उसाला पाणी. बॅटरीला वीज, ती बरीचशी कोळशाची. हे सगळं मला पाठ आहे. इथेनॉल म्हटलं असतं तर आप्पांच्या कानाला काम राहिलं असतं. पण मी शिकले ती त्यांना खोटं सांगायला नाही.

"हीच, आप्पा."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर कानावरून काढला, आणि स्कूटरचा पहिला स्क्रू सोडवायला घेतला.