डोळे मिटा, लागलं की बोट ठेवा

किस्से जमवावे लागत नाहीत. तीच माणसं एका बाकड्यावर पुन्हा पुन्हा बसली, की बंद खोलीत धूळ साठावी तसे ते आपोआप साठतात. आमचं बाकडं शहरातल्या एका दवाखान्यात, त्वचारोग विभागाच्या व्हरांड्यात आहे. इतर पेशंट तासभर उभे राहतील, पण आमच्या बाकड्यावर बसणार नाहीत. त्यामुळे आम्हाला जागा कायम मोकळी!

बसणारे आम्ही चौघं. गंगापूरकडचे शेतकरी तात्या, क्रांती चौकाजवळ मोटारसायकली दुरुस्त करणारे मुस्तफाभाई, खुलताबादजवळच्या सासरहून माहेरी धाडलेली संगीता, आणि कापडाच्या दुकानात सेल्समन असलेला मी. चौघांनाही कुष्ठरोग. शाळा माझी लवकर सुटली, पण लिहायची सवय सुटली नाही. इथं ऐकलेलं घरी जाऊन लिहून ठेवतो.

संगीताची लेक आरोही सासरीच आहे. सासूला संगीता आत्याबाई म्हणते. या आत्याबाईंनी बजावून ठेवलंय, "बोटं सरळ होऊ दे, अन् डॉक्टरनं माझ्यासमोर रोग गेला म्हणू दे. तवर पोरगी मागायची नाय!" आम्ही बाकड्यावर कितीही हसलो तरी संगीता मधेच आपल्या उजव्या हाताकडे बघते, आणि हसणं तिथंच थांबतं.

* * *

महिन्यातून एकदा नर्सबाईंसमोर गिळायचा डोस असतो. त्यातल्या एका कॅप्सूलनं लघवी लाल होते. तात्यांना हे आधी सांगितलं होतं म्हणतात, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

घरी गेल्यावर त्यांनी तो रंग बघितला आणि सरळ ओट्यावर येऊन बसले. दोन्ही मुलांना बोलावलं. "माझं काय आता खरं नाय. मी हाय तवर वाटणी करून टाकू." विहिरीकडचं रान थोरल्याला, रस्त्याकडचं धाकट्याला. सुना रडल्या, शेजारी गोळा झाले.

संध्याकाळी कुणीतरी नर्सबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अहो काका, तो गोळीचा रंग आहे!"

तात्यांनी आनंदानं मुलांना सांगितलं. थोरला म्हणाला, "लई बरं झालं, तात्या. पण वाटणी झाली ती झाली!"

तेव्हापासून तात्या एक महिना थोरल्याकडे जेवतात, एक महिना धाकट्याकडे. विचारलं तर म्हणतात, "जंतू गेले. रान बी गेलं."

* * *

माझं थोडक्यात सांगतो. इतकी वर्षं दुकानात कापड नुसतं चिमटीत धरून मी सांगायचो, यात सूत किती आणि भेसळ किती. तेच आता बोटांना कळेनासं झालंय. सगळे तागे सारखेच, पुठ्ठ्यासारखे.

एकदा एक बाई साडी बघत होत्या. मी विचारलं, "ताई, तुम्हीच हात लावून सांगा, मऊ आहे का?" त्यांनी हात फिरवला, हसल्या आणि साडी घेतली. मग मी प्रत्येकालाच विचारू लागलो. विक्री वाढली!

शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा रे, याला म्हणतात स्टाईल! शिका काहीतरी!"

* * *

मुस्तफाभाई एकदा गाडीखाली हात घालून नट सोडवत होते. जळकट वास आला. ते गिऱ्हाइकाला म्हणाले, "देखो जी, कुछ जलरा. वायर होंगी."

गिऱ्हाईक वाकून बघायला लागलं आणि ओरडलं, "भाई, तुम्हारा हाथ!"

मनगटाच्या वरचा भाग तापलेल्या सायलेन्सरला टेकलेला होता. कधीपासून, कोण जाणे. मुस्तफाभाईंनी हात काढला, बघितला आणि म्हणाले, "अच्छा, हाथ है! मेरेकू लगा गाडी का कुछ गया."

हे सांगताना ते स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसतात. ती जखम भरायला फार दिवस गेले. त्या दिवसांत त्यांचं गॅरेज बंद होतं.

* * *

संगीताचा औषधाचा कोर्स पूर्ण झाला तेव्हा तिनं आम्हाला पेढे दिले. माहेरी पिशवी भरून ठेवली होती. सासरहून बोलावणं यायचंच बाकी होतं. त्याआधीच चेहऱ्यावरचा जुना चट्टा लाल होऊन सुजला, कोपरापासून कळा सुरू झाल्या आणि उजव्या हाताची करंगळी नि तिच्या शेजारचं बोट वाकलं. सासरी कळलं. निरोप आला, "रोग उलटला."

आमच्या डॉक्टर मॅडम तरुण आहेत, पण समजावून सांगायचा कंटाळा करत नाहीत. त्या म्हणाल्या, "रोग उलटला नाही. जंतू मेलेत, पण त्यांचे अवशेष अंगात आहेत. तुझ्या शरीराला ते आता दिसले आणि शरीर त्यांच्याशी भांडायला उठलंय. या भांडणात मधे सापडलेली नस चेंगरते. याला रिअ‍ॅक्शन म्हणतात."

संगीता म्हणाली, "मेलेल्याशी भांडायचं? हे तर आमच्या आत्याबाईंसारखंच झालं! त्यांची मोठी जाऊ मरून किती वर्षं झाली, अजून भांडतात तिच्याशी!"

मॅडमनाही हसू आलं. मग त्यांनी सांगितलं, की जंतू एकच, पण माणसागणिक शरीर वेगळं वागतं. बहुतेकांचं त्याला परस्पर हाकलून देतं, त्यांना पत्ताही लागत नाही. कुणाचं गरजेपेक्षा जास्त भांडतं. कुणाचं भांडतच नाही, मग चट्टे अंगभर पसरतात.

तात्यांनी स्वतःच्या अंगाकडे बघितलं. "आमचं शरीर गरीब हाय, मॅडम. आलेल्याला बसा म्हणतं."

* * *

रिअ‍ॅक्शनच्या गोळ्या सुरू झाल्या की दर खेपेला हात तपासतात. डोळे मिटायचे. मॅडम बॉलपेनचं टोक कुठंतरी हलकेच टेकवतात. जिथं लागलं तिथं आपण दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं.

संगीताला भीती, की नापास झालो तर आरोही गेली. तात्यांना तिची दया आली. त्यांनी बाकड्यावरच शिकवणी घेतली. "मॅडम वाकल्या की त्यांचं स्टूल करकरतं. आवाज झाला की करंगळीवर बोट ठेव. पयली करंगळीच असती. मग शेजारचं. मग तळवा."

संगीता पास झाली! मॅडम म्हणाल्या, "व्वा, छान फरक आहे," आणि गोळ्या कमी केल्या.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा बोटं आणखी मिटली होती. वेणीचा पेड धरता येत नव्हता. मॅडमनी काही विचारायच्या आत ती रडायला लागली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

मॅडमनी तिची बोटं उघडून बघितली. मग म्हणाल्या, "अगं, परीक्षा तुझी नव्हती, गोळ्यांची होती!"

डोस पुन्हा वाढवला. एक बोट बरंचसं उघडलं. करंगळी वाकडीच राहिली. तात्या त्यानंतर बरेच दिवस बाकड्याच्या अगदी टोकाला बसायचे.

* * *

घरातल्या सगळ्यांची तपासणी करतात, म्हणून एकदा संगीताच्या सासरी निरोप गेला. आत्याबाई आरोहीला घेऊन एसटीनं आल्या. बाकड्यावर जागा होती, पण त्या बसल्या नाहीत. नातीचं मनगट घट्ट धरून समोर उभ्या राहिल्या. संगीतानं उजवा हात पदराखाली घेतला. आरोही आईकडे बघत होती आणि आई तिच्याकडे.

चट्टा दिवसाच्या उजेडात नीट दिसतो, म्हणून मॅडम व्हरांड्याच्या खिडकीपाशीच तपासतात, आमच्या शेजारी.

आत्याबाईंनी आधीच तोंड उघडलं. "रोग गेला म्हंता, मग बोट वाकडं कसं?"

"जंतू गेले. बोट वाकडं राहील, पण त्यानं कुणाला काही होत नाही," मॅडम म्हणाल्या.

"ते मला नाय पटत. आमच्या घरात असलं कधी कुणाला नव्हतं. हिनंच आणलं."

मॅडमनी आरोहीला तपासलं. काही नव्हतं. मग आत्याबाईंचा हात हातात घेऊन वळवला. कोपराच्या मागं, माणसाला स्वतःचं स्वतःला दिसणार नाही अशा जागी, एक फिकट, कोरडा चट्टा होता.

"हे कधीपासून आहे?"

"कुठं काय हाय? मला तर कधी काय झालं नाय."

"डोळे मिटा. पेन लागला की तिथं बोट ठेवा."

बोट ठेवायचं म्हणजे हात मोकळा हवा. आत्याबाईंनी नातीचं मनगट सोडलं. आरोही तीरासारखी आली आणि आईच्या मांडीवर चढली.

आत्याबाई डोळे मिटून, बोट वर करून तयार राहिल्या. मॅडमनी पेन टेकवला. थोडा सरकवून परत टेकवला. मग आणखी एकदा, जरा दाबून. मुस्तफाभाई फरशीकडे बघायला लागले.

आत्याबाईंचं बोट तसंच हवेत होतं.

"लावा की लवकर!" त्या म्हणाल्या. "आमची एसटी निघून जाईल."

मॅडमनी पेनला टोपण लावलं.

संगीतानं लेकीला एका मांडीवर घेतलं आणि आमच्याकडे वळून हळूच म्हणाली, "सरका जरा. आत्याबाईंना बसू द्या."