डोलीत न बसण्याचं तत्त्व

तुम्ही हसणार हे ठाऊक असूनच सांगतो. चहा तेवढा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल.

कबड्डीत माझ्या उजव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं. पुढच्या हंगामात पुन्हा मैदानात उतरायचंच, हे मी भूल उतरतानाच ठरवलं होतं. अडीच महिन्यांनी आई म्हणाली, "लेण्याद्रीला नवस बोललेय. डोली करू, दर्शन घेऊन येऊ."

"डोली? माणसानं माणसाच्या खांद्यावर बसायचं? मी चालत चढणार."

"डॉक्टर फकस्त घरातल्या जिन्याचं म्हणाले व्हते. तिथं तीनशे पायऱ्या हायत."

"तत्त्व म्हणजे तत्त्व, आई."

पायथ्याशी डोलीवाले बबनभाऊ म्हणाले, "बसा पावणं." बसलो तर नाहीच, वर त्यांच्याच डोलीचा दोर हातात घेऊन त्यांना शस्त्रक्रिया समजावली. "मांडीमागचा चिवट स्नायूबंध काढतात, घडी घालून त्याचा असा दोर करतात. मग गुडघ्याच्या वरच्या आणि खालच्या हाडाला भोक पाडून त्यातून ओवतात. हा दोर आता तुटेल का? लोखंड आहे लोखंड."

बबनभाऊंनी शांतपणे ऐकलं. "चढा. आमी मागनं येतो," एवढंच म्हणाले.

चढलो राव. आईच्याही आधी. गणपतीपुढे उभा राहिलो तेव्हा छाती फुगली होती. उतरताना कळलं, छातीपेक्षा गुडघा जास्त फुगलाय.

निम्म्यात पाय टेकवेना. नवा दोर तुटला असेल तर कबड्डी कायमची संपली. मागे रिकामी डोली होतीच.

"तुमचा दोर हाडाला बटणावर टांगलाय का स्क्रूनं आवळलाय?" बबनभाऊंनी विचारलं.

त्यांनी पँट गुडघ्याच्या वर सरकवली. हुबेहूब माझ्यासारखाच व्रण.

"पायरीवरनं घसरलो व्हतो. तिसऱ्या महिन्यात दोर लई कच्चा असतो, भाऊ. दुखत नाय म्हणून माणूस फसतो. म्या वरीसभर डोलीला खांदा लावला नाय."

"मग चढायच्या आधी का नाही सांगितलं?"

"तुमचं संपतच नव्हतं. म्हणून तर रिकामी डोली वर आणली. बसता, का अजून तत्त्व हाय?"

बसलो. तत्त्व आईच्या पिशवीत, प्रसादाच्या नारळाशेजारी.

दोर वाचला. डॉक्टरांनी कुबड्या तेवढ्या परत हातात दिल्या. हंगाम एक हुकला, पण पुढच्याला मी उतरणार म्हणजे उतरणार.

फक्त आता गावात कुणाचा गुडघा फिरला की लोक विचारायला आमच्या घरी येतात. मी सांगायला तोंड उघडतो, आणि आई त्यांना बबनभाऊंचा नंबर देते.