पेटीवर बसून जिंकलेली शर्यत

चहाचा कप आधी खाली ठेवा बघू. नाही, ठेवाच! मागे हे सांगत होतो तर आमच्या साडूच्या नाकातून चहा आला, आणि बोलणी मात्र मला बसली.

गाढवपणा कोण करत नाही हो? पण गाढवपणा केल्याबद्दल गळ्यात हार पडलेला आणि मागे बँड वाजलेला माणूस तुम्ही पाहिलाय कधी? मग नीट पाहून घ्या. तुमच्या समोरच बसलाय.

घरोघरी टीव्ही नुकते रंगीत होत होते, तेव्हाची गोष्ट. मी बोरीवलीत राहायचो, आणि ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा पास्कल. खाडीपलीकडच्या गोराईचा. त्याच्या काकाची एक जुनी शिडाची होडी होती. पास्कलने ती डागडुजी करून उभी केली, वर प्लायवूडची बुटकी खोली ठोकली, खोलीच्या छपराला आत शिरायला एक सरकती झडप लावली, आणि दर रविवारी आम्ही दोघे दर्यावर्दी! मला होडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पास्कल म्हणायचा, "वश्या, तू फक्त बस. होडीला वजन पायजे."

सगळं झकास चाललं होतं. मग आम्हाला अवदसा आठवली आणि आम्ही बायकांना फिरायला नेलं.

ओहोटी लागली, आणि होडी खाडीच्या मधोमध चिखलात रुतली. कमरेएवढा चिखल, उतरायची सोय नाही. भरती येईपर्यंत बसून राहायचं. आम्हा पुरुषांचं काय हो, पाठ फिरवली की झालं. पण माझी सुलभा आणि पास्कलची फिलोमिना? दोघी तोंडं घट्ट मिटून, पाय जुळवून, क्षितिजाकडे बघत बसल्या. त्या दिवशी क्षितिज कसं जळून गेलं नाही, देव जाणे.

घरी आल्यावर सुलभा एवढंच म्हणाली, "अहो, होडीत संडास बसवा. नाहीतर तुमचाही रविवार बंद."

फिलोमिना त्याहून सडेतोड. "गावच्या सणाच्या आत सोय झाली नाय, तर त्या होडीत मी कोंबड्या ठेवीन!"

आणि ती ठेवणारी बाई होती बरं का.

पास्कल माझ्याकडे बघायला लागला. मी छातीवर हात मारला. "सोड माझ्यावर! निवड मी करतो." ही माझी पहिली चूक. संडास निवडायचा म्हणजे काय साडी निवडायचीय, असं मला वाटलं होतं.

आधी मी दवाखान्याच्या सामानाच्या दुकानातून आजारी माणसाची भोकाची खुर्ची आणली. तिला होती चाकं. होडी डावीकडे कलली की खुर्ची डावीकडे, उजवीकडे कलली की उजवीकडे. पास्कल म्हणाला, "यार, हिच्यावर बसलेला माणूस थेट वसईला जाईल."

मग मी झाकणाची बादली सुचवली. त्यावर सुलभाने माझ्याकडे जे बघितलं, ते मी इथे सांगत नाही.

शेवटी मानखुर्दच्या एका भंगारवाल्याकडे मला ती भेटली. पेटी! पांढरीशुभ्र, जाड प्लास्टिकची, दुमजली. वरच्या मजल्यावर स्वच्छ पाणी, खालचा मजला... खालच्या गोष्टीसाठी. मध्ये एक दांडा. दांडा ओढला की झडप उघडते, बटण दाबलं की पाण्याची चिळकांडी सुटते. वर झाकण, कडी, सगळं बंद. कुठल्याशा परदेशी होडीतून निघालेली, पण एकदाही न वापरलेली.

"साहब, बैठ के देखो," भंगारवाला म्हणाला.

मी भर रस्त्यात बसून बघितलं. पाय टेकून, पाठ ताठ करून, डोळे मिटून. चार माणसं थांबली. एकाने विचारलं, "आराम है?" मी म्हणालो, "एकदम!"

मोजमापात मी कसूर केली नव्हती हं! सुलभाची शिवणाची टेप घेऊन खोलीचा कोपरा न् कोपरा मोजला होता. लांबी, रुंदी, पेटीची उंची, सगळं. पेटी बरोबर छपराच्या झडपेखाली बसली, जणू तिच्यासाठीच ती जागा केली होती. मी विजयी मुद्रेने पास्कलकडे पाहिलं.

"वश्या," पास्कल डोकं खाजवत म्हणाला, "पेटी बसली रे. माणूस कुठे बसेल?"

"पेटीवर!"

"बसून दाखव."

बसलो. आणि माझं मुंडकं झडपेतून छपराबाहेर! मी पेटीची उंची मोजली होती, पण पेटीवर बसलेल्या माणसाची मोजायला विसरलो होतो. खाली मी संडासात, वर मी गोराईच्या बंदरावर. समोरून जाणारी एक कोळीण म्हणाली, "काय भाऊ, बरं हाय ना?"

"उलट चांगलं," मी पास्कलला म्हणालो, "वारा लागतो!"

पेटी हलवायला दुसरी जागाच नव्हती, आणि सण दुसऱ्याच दिवशी होता.

त्या सणाला गावात शिडाच्या होड्यांची शर्यत असायची. खाडीत दूरवर एक बांबू रोवलेला असायचा, त्याला वळसा घालून परत यायचं. दरवर्षी जिंकायचा पास्कलचा मेहुणा आंतोन, आणि मग वर्षभर पास्कलला ऐकवायचा. या वर्षी पास्कल इरेला पेटला होता. सोबत वजन म्हणून मी.

सकाळी फिलोमिनाने मैद्याचे गरमागरम तळलेले फुगे आणि डुकराचं झणझणीत कालवण वाढलं. मी किती खाल्लं ते विचारू नका. किनाऱ्यावर ही गर्दी, बँड, पताका, आणि माझ्या पोटात गडगडाट! काही भीतीचा, काही कालवणाचा.

"पास्कल, सुरुवातीला वेळ आहे ना? मी जरा पेटी तपासून येतो."

"जा, पण लवकर!"

आत उतरलो, नाडी सोडली, बसलो. मुंडकं बाहेर. लोकांना काय कळतंय, छपरावरून डोकं काढून खाडी बघतोय म्हणतील. मी चेहरा गंभीर केला.

आणि धडाम! पाणी उतरायला लागलं म्हणून शर्यतीचा फटाका लवकर उडवला हो!

पास्कलने शीड सोडलं, होडी अशी काही कलली की छपराची झडप सर्रकन सरकत आली आणि माझ्या मानेला येऊन टेकली. खाऱ्या पाण्याने फुगलेलं प्लायवूड ते, तिथेच घट्ट अडकलं. आता मुंडकं आतही जाईना, बाकीचा मी बाहेरही येईना! एका हाताने आतून झडप ढकलतोय, दुसऱ्या हाताने पेटी धरलीय, आणि पायजमा कुठे गेलाय ते देवाला ठाऊक.

माझी पाठ पास्कलकडे. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "थांब! थांब!"

वारा केवढा! पास्कलच्या कानात काय पोचलं असेल?

"लांब?" तो मागून ओरडला. "लांबून घेऊ म्हणतोस?"

"अरे थांब! थांब!"

"बरोबर दिसतंय तुला? बरं! लांब तर लांब!"

आणि त्याने सुकाणू फिरवलं. आंतोन आणि बाकीच्या सगळ्या होड्या किनाऱ्याकडेने, जवळच्या वाटेने चाललेल्या. आमची एकटीच होडी मोठा वळसा घालून खाडीच्या खोल पाण्यात. किनाऱ्यावर हशा पिकला. सुलभाशेजारी उभी फिलोमिना ओरडत होती, "कोंबड्या! कोंबड्याच ठेवते आता!"

मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. जितका ओरडलो, तितका पास्कल लांब गेला. बांबूला वळसा घालून आम्ही परत फिरलो आणि बघतो तर काय! जवळच्या वाटेचं पाणी ओहोटीने पार उतरलेलं. पहिली होडी रुतली. दुसरी रुतली. आंतोनची तर अशी रुतली की त्याचं शीड वाऱ्याने फडफडतंय आणि होडी ढिम्म. आणि खोल पाण्यातून, भरल्या शिडाने, आमची होडी सूं... सूं... त्यांच्या समोरून! आंतोन चिखलात उभा राहून माझ्या मुंडक्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं. हात हलवायची माझी फार इच्छा होती हो, पण हात आत होते.

जिंकलो! अख्खी खाडी मोकळी, आणि आम्ही एकटे किनाऱ्याला लागलो. काय तो जल्लोष! म्हातारे म्हणत होते, "बगितला? मान इकडची तिकडं केली नाय! चेहऱ्यावर काय निर्धार!"

निर्धार! अहो, तो कसला निर्धार होता ते मला माहीत आणि कालवणाला माहीत.

पास्कलने वल्ह्याने ठोकून झडप सोडवली. "वश्या, मानलं तुला! ओहोटी तुला आधी कळली कशी रे?"

मी पायजमा शोधत होतो. म्हणालो, "अंदाज!"

बाहेर आलो तोच गळ्यात हार, हातात कप. गावच्या पाटलांनी माईकसमोर उभं केलं. "आता आपले बोरीवलीचे कप्तान दोन शब्द बोलतील!"

दोन शब्द? माझ्याकडे एकच शब्द होता. कारण मंडळी, ज्या कामासाठी मी पेटीवर बसलो होतो, ते काम झालंच नव्हतं! तुम्हीच सांगा, एवढ्या गावासमोर मुंडकं काढून बसल्यावर कुणाला होईल? ते अडून बसलं होतं. आणि जमिनीला पाय लागताच, सगळं एकदम आठवलं.

मी पळालो. हार घालून, कप छातीशी धरून, फिलोमिनाच्या घराच्या मागच्या संडासाकडे. आणि गर्दीला वाटलं, कप्तानाने मिरवणूक काढली! अख्खा गाव माझ्या मागे. बँड माझ्या मागे. मी जितका जोरात पळतोय, तितका बँड जोरात वाजतोय! मी दार लावलं तेव्हा बँड दाराबाहेर गोल करून उभा राहिला आणि वाजवत राहिला.

आतली सुटका काय वर्णावी! ऐन वेळी ट्रंपेट सुरावर चढला.

दार उघडून बाहेर आलो, तर टाळ्यांचा कडकडाट. आंतोन चिखल तुडवत किनाऱ्याला लागला होता, तो तसाच चिखलासकट येऊन मला मिठी मारून गेला. फिलोमिनाने कोंबड्यांचा विषय सगळ्यांदेखत मागे घेतला. आणि गर्दीतून वाट काढत सुलभा पुढे आली. तिला कपाशी, हाराशी काही देणंघेणं नव्हतं. तिने माझ्या कानाशी येऊन विचारलं,

"ते सगळं राहू दे हो. पेटी कशी आहे?"

मी म्हणालो, "अगदी नवी कोरी."