फ्रीझरमधली घोंगडी

परळच्या आमच्या चाळीतल्या एका खोलीच्या संग्रहालयाला शेजारच्या मावशींनी वडिलांची घोंगडी दिली होती. तिला कसर लागली. मोठ्या संग्रहालयातल्या प्रशिक्षणात, दीपप्रज्वलन आणि चार भाषणं उरकल्यावर, कसरीचे किडे गोठवून मारायला शिकवलं होतं. छोट्या संग्रहालयांत आळीपाळीने फिरणारा फ्रीझर आमच्याकडे आला. घोंगडी प्लास्टिकमध्ये बंद करून मी त्यात ठेवली, आणि दुसऱ्याच दिवशी वीज गेली. आत पाणी सुटून ती कुजेल, अशी मला भीती वाटली. तेवढ्यात मावशी आल्या.

"थंडी वाजू नये म्हणून बाबांनी गावाहून आणलेली ती. तुम्ही तिलाच बर्फात घातलीत?"

"झाकण उघडू नका, मावशी."

"का? आत काय झालंय?"

मला ठाऊक नव्हतं. बंद झाकणावर हात ठेवून आम्ही दोघं मोटर थरथरायची वाट पाहत राहिलो.