नदीपलीकडचा साडू

ल्यूसियन काऊएट आणि ड्वाइट हॅन्सकम हे साडू. एकाच कारखान्यात, एकाच बाकाशी उभं राहून दोघं बंबांचे बर्नर दुरुस्त करायचे. पगार सारखा. टक्कलसुद्धा जवळजवळ सारखं. फरक एवढाच, की भोंगा झाला की ड्वाइट पायीच घरी जायचा आणि ल्यूसियनला नदीवरचा पूल ओलांडावा लागायचा. कारखाना आणि ड्वाइटचं घर अलीकडं, न्यू हॅम्पशर राज्यात. ल्यूसियनचं घर पलीकडं बर्विकला, मेन राज्यात. न्यू हॅम्पशरात पगारावर राज्याचा कर नाही. मेनमध्ये आहे. आणि मेनचा रहिवासी कुठंही जाऊन कमवो, त्याच्या ताटातला घास मेन उचलणारच.

पूल तो केवढा! एक सिगारेट पेटवून धड दोन झुरके होत नाहीत तोच संपतो. पण त्या पुलानं ल्यूसियनचं काळीज सगळ्या संसारभर कुरतडलं.

ड्वाइटनं बोट घेतली. ल्यूसियनला वाटलं, हा कर नसता तर ही माझ्या दारात असती. ड्वाइटच्या बायकोनं, मेव्हणी पॉलीननं, नवी शेगडी आणली, तर पोटशूळ तिच्या बहिणीला, लॉरेटला नाही, लॉरेटच्या नवऱ्यालाच उठला. कर भरायचा एप्रिल महिना आला की ड्वाइट बाकावरून मुद्दाम विचारायचा, "काय साडूभाऊ, भरलास का पलीकडं निजल्याचा दंड?"

"अवो, त्यांची घरपट्टी बघा की केवढी हाय," लॉरेट समजावायची. "पॉलीन दर साली माझ्याजवळ डोळं पुसती."

"डोळं पुसती आन् बोटीत जाऊन बसती."

शेवटी एका पानगळीत ल्यूसियननं मनाची लाज काढून ठेवली आणि ड्वाइटच्या दारात जाऊन उभा राहिला. गॅरेजवरचा माळा भाड्यानं मागितला.

"उंदरं हायत वर," ड्वाइट म्हणाला.

"असू देत."

"मग ये. पर पाव्हणा म्हणून न्हाई हां. भाडेकरू."

हा अपमानही ल्यूसियननं गिळला. गाडीवर न्यू हॅम्पशरची नंबरपाटी लावली, मतदार यादीत नाव तिकडं नेलं, आणि मेनला कळवलं की मी आता तुमचा नाही. पहिला आठवडा माळ्यावर काढला. शनिवारी लॉरेटनं मडक्यात शिजवलेले घेवडे खायला घरी आला तो तिथंच निजला. मग रविवारीही निजला. पुढं माळ्यावर नुसती एक उशी राहिली, तीही उंदरांनी पोखरली.

गावातल्या निम्म्या लोकांचे कर विगिनबाई आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरून द्यायच्या. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "रातीला पाय कुठं पसरतोस?"

"माळ्यावर."

"आन् कुत्रं?"

"कुत्रं... घरी असतंय."

"कुत्रं जिथं, धनी तिथं. ल्यूसियन, पत्ता बदलून माणूस परका होत न्हाई. बिऱ्हाड हलवावं लागतं."

"तुम्ही लिव्हा बाई. सही माझी हाय."

त्या एप्रिलात तो बाकाशी ड्वाइटसारखा शीळ घालत उभा राहिला. यंदा ड्वाइटला दंडाचं विचारता आलं नाही, आणि तेवढ्यानंच ल्यूसियनच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पण माणसाची सवय लई वाईट. मेनच्या जंगलात मूस असतं, रेड्याच्या धडाचं आणि उंटाच्या टांगांचं. ते मारायचा परवाना सोडतीनं निघतो. त्यात मेनच्या रहिवाशांचा वाटा मोठा, बाहेरच्यांना खरवड. लग्न झाल्यापासून ल्यूसियन दर साल अर्ज करायचा, आणि नंबर न लागलेल्याची संधी पुढच्या साली वाढत जायची. चर्चवरून जाताना हात आपसूक छातीवर जावा, तसा त्यानं यंदाही अर्ज केला. गाव बर्विक. रहिवासी. लिहिताना मनात पाप नव्हतं. मनच नव्हतं तिथं.

जूनमध्ये मैदानावर सोडतीची नावं पुकारली. सगळं गणगोत जमलेलं. ड्वाइटही होता. त्याचाही दर सालचा अर्ज, बाहेरच्यांतला.

"ल्यूसियन काऊएट, बर्विक!"

लॉरेट किंचाळली. ल्यूसियननं टोपी उडवली आणि साडूकडं बघितलं. ड्वाइटचं तोंड कच्चं कारलं चावल्यागत झालं होतं. ते तोंड ल्यूसियनच्या ओळखीचं होतं. रोज सकाळी दाढी करताना आरशात तेच दिसायचं.

"बर्विक?" ड्वाइट घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तू माझ्या माळ्यावर ऱ्हातोस. दर म्हैन्याला भाडं घेतो मी."

"ड्वाइट, हळू."

"हळू कशापायी? मेनचा असशील तर मेनचा कर भर. न्हाईतर मूस सोड. दोन्ही डगरींवर पाय ठिवलास तर शिकारखात्याच्या गार्डाला मीच जाऊन सांगतो."

"गप बसा हो," पॉलीन त्याची बाही ओढत म्हणाली. "समदी बघत्यात."

ल्यूसियन घरी येऊन ओसरीवर बसला. एका बाजूला बिनकराची शीळ, दुसऱ्या बाजूला मूस. त्याला निवड अवघड वाटायला हवी होती. पण डोळ्यापुढून ड्वाइटच्या तोंडातलं ते कारलं हलेना.

सोमवारी तो विगिनबाईंच्या टेबलाशी टोपी काढून बसला. "बाई, मला परत रहिवासी करा. मी कुठं गेलोच नव्हतो."

"कर भरावा लागंल. वर व्याज, दंड."

"भरतो."

"एका जनावरापायी?"

"जनावरापायी न्हाई, बाई. त्याचं तोंड बघितलं न्हाई तुम्ही."

पानगळीत मूस पडलं. ओढायला माणूस लागतो म्हणून ड्वाइटलाच नेला. तोही आला, गुडघाभर चिखलात कण्हत कण्हत. ल्यूसियननं शिंगं गॅरेजच्या दारावर ठोकली, नदीकडं तोंड करून, पलीकडून दिसतील अशी. ड्वाइटला वाट्याला मानेचं मांस दिलं, सगळ्यात चिवट.

ड्वाइटनं पुडकं काखेत मारलं आणि मान वर करून शिंगांची टोकं मोजली. मग सहज विचारल्यासारखं म्हणाला, "तुझ्या शेजारचं घर रिकामं हाय म्हणं?"

ल्यूसियननं गॅरेजचं दार ओढून घेतलं.

"हाय," तो म्हणाला. "पर तू येऊ नगंस. इकडं कर लई हाय."