उर्मिलाबाईंचे चूप रविवार

उर्मिलाबाईंचा राग सौंसरहून पांढुर्ण्याला आहेरातच आला, असं सासरचे लोक थट्टेनं म्हणत. शाळेत त्यांचा आवाज चढला की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा सरळ बसत. पण त्या साली, चौऱ्याऐंशीत, संक्रांतीपासून दर रविवारी घरात तो आवाज बंद होता. बंद केला होता त्यांच्या नवऱ्यानं, श्रीकांतरावांनी.

श्रीकांतराव कचेरीत बाबू. वडिलांनी हौसेनं जमवलेल्या गाण्यांच्या तबकड्या त्यांच्याकडे आल्या होत्या. सुई घासून घासून त्या खरखरायला लागल्या, म्हणून त्यांनी नागपूरहून टेपरेकॉर्डर आणला आणि सगळी गाणी कॅसेटवर भरून ठेवायचं मनावर घेतलं. कल्पना चांगलीच होती. बाईंनी स्वतः चपलांच्या खोक्यांना आतून जुनं वर्तमानपत्र लावून कॅसेटींची सोय केली, धूळ जाऊ नये म्हणून वर फडकं शिवलं. राग गाण्यांचा नव्हता. राग रविवारचा होता.

रविवारी दुपारी रेकॉर्ड प्लेअरच्या पुढ्यात उशी मांडायची, उशीवर माईक. मग कुकर बंद, पंखा बंद, बांगड्या कोपरापर्यंत सारायच्या. बाई शिंकल्या तर गाणं पहिल्यापासून, आणि वर श्रीकांतरावांचं ठरलेलं, "तुले घडीभर चूप राहता येत नाही का?" चैत्र लागला, ऊन तापलं, तरी पंखा बंदच. पोलकं पाठीला चिकटायचं आणि बाई दातओठ खात भिंतीला टेकून बसायच्या.

नेमकी हीच वेळ बाईंच्या भजनी मंडळाच्या तालमीची. मोठी खोली यांच्याच घरी, आणि बाईंना सुट्टी रविवारचीच. ढोलकी वाजवणाऱ्या कलाबाई कितीदा दारातून परत गेल्या. त्यातच मोहगावच्या देवळातून हनुमान जयंतीसाठी मंडळाला पहिल्यांदाच बोलावणं आलं. शेवटी कलाबाईंनी त्यांना शाळेच्या फाटकाशी गाठलं. "बाई, नाही म्हणून कळवून टाकू का? तालीम नाही, काही नाही. तिथं जाऊन हसू करून घ्यायचं काय?"

"एवढा रविवार थांबा," उर्मिलाबाई म्हणाल्या. काय करणार होत्या, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

शनिवारी उरलेल्या कॅसेटी ठेवायला त्यांनी टेपरेकॉर्डरचं मूळ खोकं माळ्यावरून काढलं. तळाशी एक काळी वायर होती, पिशवीतून काढलेलीसुद्धा नाही. खोक्यावर चित्रच होतं. वायरीचं एक टोक प्लेअरच्या पाठीत, दुसरं टेपमध्ये. बाईंनी टोकं खोचली, तबकडी लावली, लाल बटण दाबलं आणि शेजारी बसून खलबत्त्यात शेंगदाणे कुटले, चांगले दणदणून. मग टेप मागे घेऊन ऐकली. नुसतं गाणं. बत्त्याचा एक ठोका नाही.

बाई हरखल्या. श्रीकांतराव भाजी घेऊन येताच त्यांनी दारातच वायर दाखवली. श्रीकांतरावांनी वायरीकडे धड पाहिलंही नाही. "माहीत आहे मले. दुकानदारानं सांगितलं होतं."

"मग काहून नाही लावली?"

"लावली असती तर घर चूप राहिलं असतं का? तेवढीच रविवारी शांती."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाण्यासाठी म्हणून इतक्या दुपारी घामात काढल्या, त्या गाण्यासाठी नव्हत्याच! या माणसानं माईक लावला होता तो बायकोचं तोंड बंद करायला. मंडळ मोडायला आलं, मोहगावचं बोलावणं हातचं चाललं, आणि याला शांती हवी. त्या रात्री त्यांनी पान वाढलं ते आदळूनच.

रविवारी श्रीकांतरावांनी वायर बाजूला सारली आणि नेहमीसारखी उशी मांडली. लाल दिवा लागला, गाणं सुरू झालं, तेवढ्यात मागचं दार ढकलून कलाबाई ढोलकीसह आत आल्या. मागोमाग मंडळातल्या सगळ्या बाया. बाईंनी सकाळीच निरोप धाडला होता. श्रीकांतरावांनी ओठांवर बोट ठेवलं, हात उडवले, डोळे वटारले. ओरडायची सोय नव्हती. ओरडले तर तेच टेपमध्ये जाणार.

उर्मिलाबाई उठल्या. पंखा लावला. बांगड्या मनगटावर सोडल्या. सुई उचलून तबकडी नीट पाकिटात घातली, कारण तबकडीचा काही गुन्हा नव्हता. मग उशीसकट माईक बायांपुढे ओढला. कॅसेट फिरतच होती.

"अवं, काय करून राहिली तू?" श्रीकांतरावांना राहवेना.

"चूप बसा. आम्ही भरून राहिलो."

कलाबाईंनी ढोलकीवर थाप मारली. बाईंनी भजन उचललं ते देवाला कमी आणि नवऱ्याला जास्त ऐकू जाईल असं. रागाच्या भरात सूर एक पट्टी वर लागला, पण बाया मागे हटल्या नाहीत. श्रीकांतरावांनी एकदा तोंड उघडलं, लाल दिव्याकडे पाहिलं आणि मिटलं.