हललेला फोटो

फुफ्फुसाच्या नव्या औषधाच्या चाचणीत आम्ही दोघी आहोत, मी आणि खडी मशीनवर जन्म काढलेल्या सखूबाई. औषध लागू पडतंय का, ते अधूनमधून सीटी स्कॅन काढून बघतात. आज नेमका श्वास रोखायच्या वेळी सखूबाईंना खोकला आला.

"चालेल, मावशी," टेक्निशियन म्हणाला.

"चालेल कसं? फोटो हलला असणार. परत काढ."

"दमाल."

"दमले तर दमले. धूळ खाताना कोण विचारायला आलं होतं?"

श्वास आपला आपण चालतो, म्हणून त्याची किंमत नसते. दुसऱ्या खेपेला सखूबाईंनी तो मुठीत धरल्यासारखा धरला. दारातून मला कॉम्प्युटरचा पडदा दिसत होता. फुफ्फुसात पांढरी जाळी, पण रेघ न् रेघ स्पष्ट.

बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "आता बघा म्हणावं, दगडानं काय केलंय ते."